एका एमजीची सीट उसवताना

आजचा भाग मी नेहमीच्या खोलीत बसून नाही, तर एका गाडीशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून रेकॉर्ड केलाय. मध्येमध्ये टकटक ऐकू येईल, ती हातोडीची आहे. एडिट करताना काढून टाकणार होतो, पण राहू दिली.

झालं असं, की मनीषनगरात आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात. त्यांच्या पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली काहीतरी बसकं झाकलेलं असायचं. फाटकावर तासन्‌तास रांगा लागायच्या त्या काळापासून, म्हणजे पूल व्हायच्या कितीतरी आधीपासून, मी ते बघतोय. मला वाटायचं, जुने कूलर असतील. नागपूरकरांच्या घरी दुसरं काय झाकून ठेवतात? यंदा ताडपत्री निघाली आणि खाली निघाली दोन सीटांची, उघड्या टपाची, १९६७ची एमजीबी.

एमजी म्हटल्यावर तुमच्यापैकी निम्म्या लोकांना हेक्टर आठवली असणार. नाव तेच आहे, पण आजची एमजी चिनी कंपनीच्या हातात गेलेली आहे, आणि भारतात तिच्या गाड्या गुजरातेतल्या हलोलला बनतात. मूळची एमजी म्हणजे ऑक्सफर्डचं ‘मॉरिस गॅरेजेस’. एमजीबी हे त्यांचं १९६२चं मॉडेल. ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डन नावाच्या छोट्या गावात ते बनायचं. इंजिन १७९८ सीसी. १९८०पर्यंत हे मॉडेल चाललं आणि पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. फेरारीसारखी श्रीमंतांची गाडी नव्हती ती. पगारदार तरुणाला हप्त्यावर घेता येईल अशी स्पोर्ट्‌स कार होती.

मग ती भारतात कशी? आपल्याकडे तेव्हा परदेशी गाडी आणायची म्हणजे आयात परवाना, जबर कर आणि वर्षानुवर्षांची वाट. बऱ्याच गाड्या आल्या त्या वकिलातींमधून. परदेशी अधिकारी स्वतःची गाडी घेऊन यायचे आणि बदली झाली की ती सरकारी ‘स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन’मार्फत विकली जायची. काकांच्या वडिलांनी ही गाडी अशीच, तिसऱ्या-चौथ्या हाताने घेतली.

इंजिन सुरू आहे. पत्रा झाला. अडलंय ते सीटवर. काकांच्या मुलाने, तो परदेशात असतो, इंग्लंडहून सीटच्या कव्हरांचा तयार संच मागवायचं ठरवलं. लेदर, पायपिंग, सगळं कारखान्यात होतं तसं. एमजीबीसाठी हे सगळं मिळतं बरं का! १९८८पासून तर तिथे या गाडीची अख्खी बॉडीसुद्धा जुन्याच साच्यांवर नव्याने बनवून विकायला लागले. म्हणजे मनात आणलं तर तुम्ही १९६७ची गाडी जवळजवळ पूर्ण नवीन बनवू शकता. मग ती १९६७ची राहते का, हा प्रश्न बाजूला ठेवू. थोड्या वेळाने तो आपोआप आपल्याकडे येणारच आहे.

सीटचं काम करायला एक चाचा आलेत. चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवतात. मुलाने फोनवर संच मागवायचं म्हटलं, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “भाऊ, आधी उघडून तर पाहू. आत काय आहे ते पाहिल्याशिवाय नवीन कशाला मागवून राहिले?”

आणि मग त्यांनी वाकडी कात्री घेऊन शिवण उसवायला सुरुवात केली.

सगळ्यात वर निघालं मरून रंगाचं मखमली कव्हर. नव्वदच्या दशकातलं, हे मला विचारावं लागलं नाही. तेव्हा प्रत्येकाच्या मामाच्या गाडीत असंच काहीतरी असायचं. आपल्याकडे सीट ही बसायची गोष्ट कमी आणि झाकायची जास्त. नवीन गाडीचं प्लास्टिक दोन वर्षं काढायचं नाही, मग त्यावर कव्हर, कव्हरवर टॉवेल, उन्हाळ्यात टॉवेलवर लाकडी मण्यांची चटई. हसू नका, याच सवयीतून पुढे एक भारी गोष्ट झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीवाल्यांनी सीटांना आणि छताला फुलाफुलांची, झगझगीत कापडं लावली. पुढे २०१५मध्ये ‘टॅक्सी फॅब्रिक’ नावाच्या उपक्रमात तरुण डिझायनरांनी या टॅक्सींची आतली बाजू रंगवली, म्हणजे शब्दशः मुंबईच्या गोष्टी कापडावर छापून आत लावल्या. कोल्डप्लेच्या मुंबईत शूट झालेल्या व्हिडिओत त्यातली एक टॅक्सी दिसते. त्या टॅक्सी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. वालचंद हिराचंद यांनी १९४४मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली. किती जणांनी तिची सीट जपून ठेवली असेल?

असो. मखमलीखाली निघालं तपकिरी रेक्झिन. आणि इथे मी स्टूल जवळ ओढलं.

रेक्झिन हा शब्द आपण मराठी असल्यासारखा वापरतो. दप्तर रेक्झिनचं, सोफा रेक्झिनचा, डॉक्टरांचं तपासायचं टेबल रेक्झिनचं. डालडा, झेरॉक्स, जेसीबी यांच्यासारखंच हेही एका कंपनीचं नाव. मँचेस्टरजवळ हाइड नावाचं गाव आहे, तिथे रेक्झिन लिमिटेड होती. सुती कापडावर सेल्युलोज नायट्रेटचे थर द्यायचे, रंग घालायचा आणि वरून तापलेल्या रुळाने चामड्यासारखे कण उठवायचे. पुस्तकांच्या बांधणीला, आगगाडीच्या डब्यांना, मोटारींना ते चाललं. एकच भानगड होती, सेल्युलोज नायट्रेट भडकन पेट घेतं. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याची जागा पीव्हीसीने घेतली. माल बदलला, नाव तेच राहिलं.

आपल्या महाराष्ट्रातही हे बनायचं. भोर इंडस्ट्रीज नावाची कंपनी पीव्हीसीचं लेदरक्लॉथ बनवायची. तिचं नाव आज वकिलांना जास्त माहीत आहे. हे कापड बनवताना मध्येच पीव्हीसीची एक कच्ची फिल्म तयार होते, तिच्यावर वेगळी एक्साइज ड्युटी लागते का, यावर भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९८९मध्ये कोर्टाने सांगितलं की जी वस्तू बाजारात विकण्याजोगीच नाही, तिच्यावर ड्युटी नाही. आजही हा निकाल शिकवतात. तुमच्या शाळेच्या दप्तराचा चुलतभाऊ सुप्रीम कोर्टात जाऊन आलाय, एवढं लक्षात ठेवा.

पण माझा प्रश्न वेगळा होता. सुंदर विलायती लेदर असताना काकांच्या वडिलांनी त्यावर रेक्झिन का चढवलं? चाचांना विचारलं तर त्यांनी वर बोट दाखवलं. ऊन.

नागपूरचं अधिकृत विक्रमी तापमान ४७.९ अंश आहे, २३ मे २०१३चं. (२०२४मध्ये एका यंत्राने ५६ दाखवलं होतं. ते सेन्सर बिघडल्यामुळे, पण त्या दिवशी आम्हा कुणालाच ते खोटं वाटलं नाही.) उघड्या टपाच्या गाडीत असं ऊन थेट सीटवर पडतं. कातडं मऊ राहतं ते त्यात मुरवलेल्या तेलामुळे. ते तेल वाळलं की कातडं आखडतं आणि शिवणीपाशी फाटतं. इंग्लंडच्या पावसाळी हवेसाठी कमावलेलं कातडं विदर्भात किती दिवस टिकणार?

गंमत म्हणजे रेक्झिनसुद्धा अमर नाही. पीव्हीसी मुळात कडक असतं, आपल्या पाण्याच्या पाइपसारखं. त्याला मऊ करायला एक तेलकट रसायन घालतात. उन्हात ते हळूहळू उडून जातं. बंद गाडीच्या काचेवर आतून जो चिकट धुरकट थर बसतो, त्यात मोठा वाटा याचाच. मग रेक्झिनला तडे जातात. पण तडा गेला तर गल्लीतल्या कुठल्याही सीटवाल्याकडे नवीन तुकडा मिळतो. लेदर कुठून आणणार होते ते?

आणि इथे दुसरं एक कारण मला दिसतं. ते माझं मत आहे, पटलं नाही तर सांगा. आपल्याकडे कातडं हा नुसता माल कधीच नव्हता. जनावर ओढणं, सोलणं, कातडं कमावणं ही कामं जातीवर लादलेली होती. महाडला १९२७मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी लोकांना मेलेल्या जनावरांशी बांधलेलं हे जिणं सोडा असं सांगितलं, आणि १९५६मध्ये याच नागपुरात, दीक्षाभूमीवर, लाखो लोकांनी ती सगळी चौकटच नाकारली. ज्यांच्या हातात कातड्याची कला होती त्यांना त्या कलेबद्दल मान कधी मिळाला नाही, मिळाला तो हीनपणाचा शिक्का. विलायतेत मात्र कॉनोली नावाची घराणेदार कंपनी रोल्स रॉइसच्या आणि पार्लमेंटच्या बाकांच्या लेदरसाठी जगभर मिरवत होती. काम तेच, कातडं तेच. रेक्झिनला वास नव्हता, जात नव्हती, सोवळ्यालाही चालत होतं. म्हणून आपल्याकडे सीट शिवण्याचा धंदा चामड्याच्या धंद्यापासून वेगळा, रस्त्याच्या कडेला, शिंप्याच्या अंगाने वाढला असावा. चाचांचे उस्तादही आधी तंबू शिवायचे.

तर रेक्झिन निघालं. त्याखाली काळं लेदर. पायपिंग लाल. पासष्ट टक्के शाबूत, असं चाचा म्हणाले. हा आकडा त्यांनी कसा काढला ते मी विचारलं नाही. मुलगा व्हिडिओ कॉलवर होता, तो ओरडलाच, “ओरिजिनल!”

चाचांनी सीट उलटी केली आणि कडेचा भाग अंगठ्याने चोळला. “हे लेदर नाही भाऊ. हे रेक्झिन आहे.”

मी घरी येऊन शोधलं, आणि खरंच. त्या काळच्या एमजीबीत अंग टेकतं तेवढ्याच भागाला कातडं असायचं. बाजूला आणि पाठीमागे, जिथे कुणी हात लावत नाही, तिथे कारखान्यानेच लेदरक्लॉथ लावलेलं. साठच्या दशकाच्या शेवटी तर लेदर गेलंच, पूर्ण व्हिनाइल आलं आणि सत्तरीत पट्ट्यापट्ट्यांचं कापड, समुद्रकिनाऱ्यावरच्या खुर्चीसारखं. जी ‘अस्सल इंग्रजी लेदर सीट’ आपण डोक्यात धरून बसलोय, ती अ‍ॅबिंग्डनच्या हिशेबनिसाने कधीच अर्धी केली होती!

आत अजून एक थर होता. कारखान्याचा फोम कधीच पीठ झालेला. त्याच्या जागी कुणीतरी काथ्या भरलेला, नारळाचा, दाबून दाबून, आणि खाली गोणपाट. गोणपाटावर निळ्या शाईची अर्धवट अक्षरं. काकू बाहेर आल्या, त्यांनी तो काथ्या हातात घेतला आणि म्हणाल्या, “लग्नानंतर मी पहिल्यांदा बसले तेव्हा हेच टोचत होतं. मला वाटलं, विलायती गाडी अशीच असते.”

मग वाद झाला, चांगला अर्धा तास. मुलाचं म्हणणं, गाडी ५० वर्षांच्या वर आहे, २०२१च्या नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणून नोंदवू, नंबरात ‘व्हीए’ येईल, त्यासाठी सगळं मूळ हवं. नियम मी वाचलाय. त्यात चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा बदल नको असं आहे. सीटच्या टाक्यांबद्दल तो काही म्हणत नाही. जुन्या गाड्यांची ‘फिवा’ ही जागतिक संघटना आहे, तिचा ट्युरिन चार्टर तर सांगतो की नवं करण्याआधी जपायचं बघा, आणि गाडी वापरल्याच्या खुणा हाही तिचा इतिहास. मुलगा म्हणाला, “म्हणजे काथ्या ठेवायचा?” काकू म्हणाल्या, “काथ्या अजिबात नाही.”

शेवटी ठरलं ते असं. इंग्लंडचा संच मागवायचा नाही. काळं लेदर काढायचं नाही. फाटलेल्या जागी मागून पातळ कापड चिकटवून, तेल मुरवून, जुन्याच भोकांतून हाताने टाके घालायचे. याला मशीन चालत नाही, कारण जुन्या कातड्यात नवीन भोकं पडली की ते पोस्टाच्या तिकिटासारखं फाटतं. आत नवीन फोम. तपकिरी रेक्झिन फेकायचं नाही, उलटं घडी करून डिकीत ठेवायचं. मखमलीबद्दल कुणीच काही बोललं नाही. ती आता पार्किंगमधल्या कुत्र्याखाली आहे.

मी चाचांना विचारलं, हाताचे टाके किती दिवसांचं काम? म्हणाले, “दोन सीटांचे दहा-बारा दिवस. पोराला बोलावलं असतं, पण तो मोबाइलचं दुकान चालवतो. त्याला हे येत नाही, आणि मी शिकवलंही नाही.” मग त्यांनी दोऱ्याला मेण लावलं, चष्मा कपाळावर चढवला आणि सुई ओवायला मला दिली. तीन वेळा चुकलो. तुम्हाला जी टकटक ऐकू येतेय ना, ती त्यानंतरची आहे.