पत्त्यांच्या खेळातील कौशल्य आणि नवशिक्यास उपदेश : कर्जत-खालापूरच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रास्ताविक

पत्त्यांचा खेळ हा विषय महाविद्यालयीन नियतकालिकास शोभणारा नाही, असे काही वाचकांस प्रथमदर्शनी वाटण्याचा संभव आहे. तथापि कर्जत आणि खालापूर या तालुक्यांतून मुंबईकडे जाणारा विद्यार्थी, कारकून वा कामगार दररोज चार-पाच तास लोकलगाडीत काढतो आणि त्या वेळेचा मोठा भाग गेल्या कित्येक पिढ्या पत्त्यांनी व्यापला होता, ही वस्तुस्थिती समाजेतिहासाच्या अभ्यासकास दुर्लक्षिता येणार नाही. अलीकडच्या काळात मांडीवरच्या पत्त्यांची जागा हातातल्या भ्रमणध्वनीने घेतली आणि मेंढीकोटाच्या जागी रमी व पोकर हे पैशांचे खेळ आले. आपल्या वर्गात बसणारे विद्यार्थी 'हा कौशल्याचा खेळ आहे' या एका वाक्याच्या आधारावर या खेळांत उतरले. हे वाक्य आले कोठून, ते कितपत खरे आहे आणि नवशिक्या खेळाडूस पूर्वापार कोणता उपदेश केला जात होता, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

अक्षहृदय

खेळ शिकविणारा आणि शिकणारा यांची आपल्या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध कथा महाभारताच्या वनपर्वात आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल ऋतुपर्ण राजाचा सारथी म्हणून राहतो. वाटेत ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे पाहून त्याच्या पानांची व फळांची संख्या सांगतो. नल ती मोजून पाहतो आणि ती बरोबर निघते. मग अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्ण त्याला 'अक्षहृदय' शिकवतो. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, खेळातील प्रावीण्य मंत्रतंत्राशी नव्हे, तर मोजणीशी आणि अंदाजाशी जोडले आहे. बेहड्याचेच झाड का, याचेही कारण आहे. वैदिक काळातील फासे याच झाडाची फळे होती. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील द्यूतकाराच्या सूक्तात त्यांचा उल्लेख येतो. कर्जत परिसरातील डोंगरउतारांवर बेहडा आजही सर्रास आढळतो.

ही कथा बृहदश्व ऋषी युधिष्ठिराला सांगतात आणि शेवटी त्यालाही अक्षविद्या देतात. म्हणजे सर्वस्व हरलेल्या माणसाला 'खेळू नकोस' एवढेच न सांगता खेळाचे मर्म सांगावे, असे महाभारतकारास वाटले. त्याचबरोबर, विद्या मिळाल्यावर नल पुष्कराशी एकच डाव खेळतो, जिंकतो आणि थांबतो. उलट पुष्कराला त्याची मालमत्ता देऊन परत पाठवतो. थांबणे हा शिक्षणाचाच भाग मानला गेला होता. कौटिल्याची दृष्टी याहून रोखठोक आहे. त्याने द्यूताध्यक्षाची नेमणूक सांगितली, द्यूत एकाच ठिकाणी चालावे असे म्हटले आणि जिंकलेल्या रकमेतून शेकडा ५ हिस्सा घेण्याची तरतूद केली. जुगाराच्या बोलीत अड्डेवाल्याच्या या हिश्श्याला 'नाल' म्हणतात. या नालेचा विचार पुढे पुन्हा करावा लागेल.

गंजिफा ते मेंढीकोट

पत्ते आपल्याकडे इराणी गंजिफांच्या रूपाने आले. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. महाराष्ट्रात सावंतवाडीची दशावतारी गंजिफा प्रसिद्ध पावली. तीत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी अशी १२, म्हणजे एकूण १२० पाने असतात. निम्म्या रंगांत दश्शी मोठी तर उरलेल्या निम्म्यांत एक्का मोठा, असा उलटा क्रम असल्याने नवख्याची प्रथम भंबेरी उडते. या खेळात हुकूम नाही. कोणती पाने पडून गेली आणि कोणती शिल्लक आहेत हे ज्याच्या स्मरणात राहील, तोच जिंकतो. गंजिफा शिकणे म्हणजे स्मरणशक्ती घडविणे होते.

५२ पानांचा युरोपीय जोड आल्यावर ही स्मरणाची शिस्त मेंढीकोट, तीनशे चार, पाच-तीन-दोन अशा खेळांत उतरली. मेंढीकोटात चारही दश्श्या पकडायच्या असतात आणि समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात. यातील उपदेश तोंडीच चालत आला : उतारी कोणाची हे पाहा, भिडूच्या पानावर हुकूम मारू नका, शेवटचा हात आपला असेल तर घाई करू नका. शेवटी पान टाकणाऱ्याला आधीची तीन पाने दिसलेली असतात, हा त्याचा लाभ कोकणातला दहा-बारा वर्षांचा मुलगाही गौरी-गणपतीच्या जागरणात शिकतो. पोकरच्या इंग्रजी पुस्तकांत 'पोझिशन' या नावाने ज्याची प्रकरणे लिहिली जातात, ते तत्त्व हेच होय.

घाटाचा पायथा आणि गाडीतला अड्डा

या खेळांना कर्जत-खालापूरच्या भूगोलाने विशेष अवकाश दिला. बोरघाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. घाटपायथ्याचे खोपोली हे नाना फडणविसांनी बांधलेल्या तलावामुळे व महादेवाच्या देवळामुळे आधीच मुक्कामाचे गाव होते. १२ मे १८५६ रोजी कल्याणहून खोपोलीपर्यंत रेल्वे आली आणि १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. मधला घाट मात्र १८६३ पर्यंत रेल्वेविना होता. या पाच वर्षांत पुण्याकडे जाणारा प्रत्येक उतारू खोपोलीस उतरे आणि पालखी, तट्टू किंवा बैलगाडीने घाट चढे. घाटमार्ग पूर्ण झाल्यावर हे महत्त्व कर्जतकडे सरकले. घाट चढण्यासाठी गाडीस मागून जादा इंजिने जोडण्याकरिता कर्जतला थांबावे लागे, आणि या थांब्यानेच कर्जतच्या वड्याला कीर्ती मिळवून दिली. थांबणे व वाट पाहणे हा या भागाचा जुना व्यवसायच म्हणावा लागेल.

पुढे १९१५ मध्ये खोपोलीस टाटांचे जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि कारखानदारी वाढत गेली. मुंबईस नोकरीसाठी जाणाऱ्यांची संख्याही वाढली. कर्जत ते मुंबई हे सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर कापताना गुडघ्यांवर बॅग आडवी ठेवून किंवा रुमाल पसरून चार जणांचा डाव मांडणे ही लोकलमधील नित्याची गोष्ट झाली. (उभ्या प्रवाशांचा या मंडळींवरील रोष हा स्वतंत्र विषय आहे.) त्या डावाची एक व्यवस्था होती. नव्या माणसाला प्रथम काही दिवस मागे उभे राहून पाहावे लागे. एखादा भिडू रजेवर असला की त्याला बसवीत, चुकला की सर्वांसमक्ष बोलणी बसत आणि दुसऱ्या दिवशी तोच डाव पुन्हा चर्चेस येई. पैज बहुधा चहाची. हरलेल्याचे नुकसान मर्यादित आणि त्याचे शिक्षण मात्र रोजचे, अशी ही शाळा होती.

पोकर : उपदेशाचे शास्त्र

पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या परिसरात वाढला. आपल्याकडील तीन पत्ती ही इंग्रजांच्या 'ब्रॅग' या खेळाच्या कुळातील असून दोहोंत लावलेली रक्कम वाढवीत नेणे आणि प्रतिपक्षास हुलकावणी देणे हा समान धागा आहे. फरक आहे तो माहितीच्या प्रमाणात. तीन पत्तीत समोरच्याची तिन्ही पाने झाकलेली राहतात आणि नवे पान येत नाही. तीन पानांचे एकूण २२,१०० संच होतात. त्यांपैकी १६,४४० संचांत जोडीसुद्धा नसते. अशा स्थितीत विचार करण्यास आधार थोडा. टेक्सास होल्डेम या आज रूढ असलेल्या पोकरात हाती दोन पाने आणि मध्ये टप्प्याटप्प्याने उघडणारी पाच सामायिक पाने असतात. प्रत्येक टप्प्यावर नवी माहिती मिळते आणि प्रत्येक टप्प्यावर खेळणे सोडून देता येते.

या खेळावरील उपदेशपर वाङ्मय विपुल आहे. हर्बर्ट यार्डली यांचे १९५७ चे आणि डेव्हिड स्क्लान्स्की यांचे १९८७ चे पुस्तक ही त्यातील मान्यवर उदाहरणे होत. नवशिक्यास सांगितली जाणारी पहिली गोष्ट म्हणजे बहुतेक डाव पहिल्याच टप्प्यावर टाकून द्यावेत. दोन पानांचे १,३२६ संच संभवतात आणि त्यांपैकी जोड्या केवळ ७८, म्हणजे सतरा वेळांतून एकदा. 'आलोच आहोत तर खेळू' ही वृत्ती येथे सर्वांत महाग पडते.

दुसरी गोष्ट मोजणीची. मध्यभागी २०० काड्या आहेत, प्रतिस्पर्ध्याने आणखी १०० लावल्या आणि पुढे जाण्यास आपल्याला १०० लावावयाच्या आहेत, असे समजू. एकूण ४०० काड्यांसाठी आपण १०० लावतो; म्हणून जिंकण्याची शक्यता चारांत एक, म्हणजे २५ टक्क्यांहून अधिक असेल तरच पुढे जाणे योग्य. आता आपल्याजवळ दोन व मध्ये दोन अशी चार बदामची पाने असून पाचव्याची प्रतीक्षा आहे. न दिसलेल्या ४७ पानांत बदामची ९ उरतात. पुढचेच पान बदामचे निघण्याची शक्यता सुमारे १९ टक्के. दोन पाने पाहावयास मिळाली तर ती ३५ टक्क्यांच्या आसपास जाते. पहिला हिशेब डाव सोडावयास सांगतो, दुसरा खेळावयास. आणि दुसऱ्या पानासाठी पुन्हा किंमत मोजावी लागणार का, यावर निर्णय अवलंबून राहतो. ऋतुपर्णाची पाने मोजण्याची विद्या ती हीच.

हुलकावणीविषयी नवशिक्याचा समज बहुधा चुकीचा असतो. ती धाडसाची बाब नव्हे. जॉन फॉन नॉयमन यांनी ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पोकरचे सोपे गणिती रूप मांडून दाखविले की, उत्तम खेळाडू मोठी रक्कम लावतो ती अतिशय चांगल्या पानांवर आणि काही प्रमाणात अगदी वाईट पानांवर. मध्यम पानांवर तो शांत राहतो. हुलकावणी कधीच न देणाऱ्याची चांगली पाने सर्वांस कळतात व त्याला कोणी पैसे देत नाही. २०१७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या 'लिब्राटस' या संगणकप्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंस हरविले. केवळ दैवाच्या खेळात असे घडणे शक्य नाही. पोकरमध्ये कौशल्य आहे, हे विधान म्हणून मान्य करावेच लागते.

परंतु हे कौशल्य हजारो डावांच्या सरासरीत दिसते. एका रात्रीत नव्हे. चांगला खेळाडू आठवडेच्या आठवडे हरू शकतो आणि अडाणी मनुष्य सलग जिंकू शकतो. नवशिक्याचा घात येथेच होतो, कारण जिंकला की तो त्याचे श्रेय कौशल्यास देतो आणि हरला की दोष दैवास. म्हणून जाणकार सांगतात की, प्रत्येक बैठकीचा जमाखर्च लिहावा, हरल्यावर चिडून रक्कम वाढवू नये आणि गमावल्याने घरखर्चास धक्का बसेल असा एक पैसाही लावू नये. आणि नाल विसरू नये. सारख्याच ताकदीचे चार जण प्रत्येकी १,००० रुपये घेऊन बसले, प्रत्येक डावात १०० रुपये जमले आणि अड्डेवाल्याने शेकडा ५ घेतले, तर शंभर डावांनंतर ४,००० पैकी ५०० रुपये त्याच्याकडे गेलेले असतात. कौशल्याने प्रथम ही तूट भरून काढावी लागते. चहाच्या पैजेत नाल नव्हती, हा लोकलमधील डावाचा मोठाच गुण म्हटला पाहिजे.

कायद्याची कसोटी

मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्या वेळी कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. ते कुलाब्यात गेले १८९१ मध्ये. या कायद्याच्या कलम १३ ने केवळ कौशल्याच्या खेळांस वगळले आणि पुढील सर्व वाद याच वाक्याभोवती फिरला. सिकंदराबादच्या एका क्लबातील रमीसंबंधीच्या खटल्यात (आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण) सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये असा निर्णय दिला की, रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि कोणते पान ठेवावे, कोणते टाकावे यात कौशल्य असते, मात्र फ्लॅश, ब्रॅग आदी नावांनी ओळखला जाणारा तीन पत्तींचा खेळ निव्वळ नशिबाचा होय. त्याच निर्णयात न्यायालयाने हेही म्हटले की, जागेचा मालक खेळातून नफा काढीत असेल तर गुन्हा होऊ शकतो. ऑनलाइन खेळांच्या जाहिरातींनी या निर्णयाचा पहिला भाग घरोघर पोहोचविला. दुसरा भाग त्यांच्या सोयीचा नव्हता.

पोकरविषयी एकवाक्यता झाली नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने ब्रिज व रमीसमवेत पोकरही जुगारातून वगळला. उलट गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकर जुगारच ठरविला, आणि तोही आपल्याच १८८७ च्या कायद्यान्वये, कारण तो जुन्या मुंबई राज्याबरोबर गुजरातेत गेला होता. महाराष्ट्राने १९७६ मध्ये कॅसिनो नियंत्रणाचा कायदा केला, पण तो कधीच अमलात आणला नाही व २०२३ मध्ये रद्द केला.

प्रस्तुत लेखकाच्या मते या वादात प्रश्नच अपुरा विचारला गेला. न्यायालये खेळ तपासत राहिली. खेळणाऱ्याची ऐपत, पैजेचा आकार आणि नाल हे तिन्ही तपासाबाहेर राहिले. कौशल्याचा खेळसुद्धा नवशिक्यासाठी व्यवहारतः दैवाचाच असतो, कारण कौशल्य समोरच्याकडे असते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळांविषयीच्या कायद्याने हा भेदच बाजूला सारला : पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, निषिद्ध. राष्ट्रपतींची संमती २२ ऑगस्टला मिळाली आणि त्याच महिन्यात मोठ्या कंपन्यांनी पैशांचे खेळ थांबविले. सरसकट बंदीने चोरट्या मार्गांस वाव मिळेल ही शंका रास्त असली, तरी पैजेकडे पाहण्याची दिशा तिने बदलली हे खरे.

पैशाविना खेळला जाणारा पोकर या निषेधाच्या कक्षेत येत नाही. संख्याशास्त्राच्या तासाला काड्यापेटीच्या काड्या वाटून वरील २५ व १९ टक्क्यांचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करवून घेता येतो. कलाशाखेच्या विद्यार्थ्यांनाही तो एका तासिकेत समजतो; मेंढीकोट येणाऱ्यांना त्याहून लवकर.