पंच्याहत्तरचा पिस्टन

चिकलठाण्याच्या आमच्या घरात वीजबिलांवर वजन म्हणून एक पिस्टन ठेवलेला असायचा. एका बाजूने खोल ओरखडलेला, डोक्यावर काळा. बाबांच्या यामाहा आरएक्स १००चा तो पहिला पिस्टन. मे महिन्यात, डबलसीट, खुलताबादच्या घाटात जाम झालेला. लहानपणी मला वाटायचं, पेपरवेट असंच असतं.

नंतर कळलं की या वस्तूचा इतिहासही एका पेपरवेटपाशी जातो. १९१३ साली डब्ल्यू. ओ. बेंटली हा इंग्रज फ्रान्समध्ये डीएफपी या मोटार कंपनीच्या कारखान्यात गेला होता. तिथे त्याला पिस्टनच्या आकाराचं ॲल्युमिनियमचं पेपरवेट दिसलं. तेव्हाचे पिस्टन बहुतेक ओतीव लोखंडाचे नाहीतर पोलादाचे असत. बेंटलीने ॲल्युमिनियममध्ये तांबं मिसळून पिस्टन करवून घेतले, गाड्या शर्यतीत पळवल्या आणि पहिल्या महायुद्धात हीच कल्पना विमानांच्या इंजिनांत नेली. ॲल्युमिनियम हलकं आणि उष्णता पटकन सोडणारं. खोड एकच, तापलं की ते लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. म्हणून पिस्टन आणि सिलिंडरच्या भिंतीत फट ठेवावी लागते, छोट्या इंजिनात साधारण अर्ध्या केसाएवढी. बाबांच्या घाटात ती संपली होती.

यामाहापर्यंतचा रस्ता मात्र जर्मनीतून येतो. टू-स्ट्रोक इंजिनांच्या पिस्टनवर पूर्वी उंचवटा असायचा, आत येणाऱ्या वायूला वळवायला. ॲडॉल्फ श्नुर्ले याने सिलिंडरच्या भिंतीतली छिद्रंच अशी तिरकी मांडली की उंचवट्याची गरज संपली आणि पिस्टनचं डोकं जवळपास सपाट झालं. डीकेडब्ल्यू कंपनीने ही रचना वापरली. युद्ध हरल्यावर तिच्या आरटी १२५ या मोटारसायकलचे आराखडे जेत्यांच्या हाती गेले. त्यावरून इंग्लंडमध्ये बीएसए बँटम झाली, अमेरिकेत हार्लेने छोटी गाडी काढली. जपानमध्ये बाजापेट्या आणि पियानो करणाऱ्या यामाहानेही १९५५ साली आपली पहिली मोटारसायकल, वायए-१, त्याच नमुन्यावर बनवली.

त्यानंतर तीस वर्षांनी, नोव्हेंबर १९८५मध्ये, एस्कॉर्ट्सने भारतात आरएक्स १०० आणली. त्याच महिन्यात आमच्या शहराच्या दुसऱ्या टोकाला, वाळूजला, राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते बजाजच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. अख्खं औरंगाबाद बजाजवर बसत असताना चिकलठाणा एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या बाबांनी यामाहा घेतली. काका अजून टोमणे मारतात.

यंदा ती गाडी मी उघडली. आतल्या पिस्टनच्या डोक्यावर ५० कोरलेलं होतं, म्हणजे मूळ मापाहून अर्धा मिलिमीटर मोठा. घाटातल्या ओरखड्यांमुळे तेव्हा ०.२५ची पायरी सोडून थेट ०.५०चा बोअर करावा लागला होता. गंमत म्हणजे आरएक्स १०० मुळात शंभर सीसीची नाहीच. बोअर ५० मिलिमीटर, स्ट्रोकही ५०, म्हणजे ९८.२ सीसी. ०.५०चा बोअर केल्यावर ती १००.१ होते. जाम झाल्यावरच बाबांची गाडी नावाला जागली!

आता त्या बोअरचीही झीज झाली होती. ०.७५ करायचा, की १.०० हा प्रश्न. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, पंच्याहत्तरचा कुठं शोधत बसता? शंभरचा आपल्याकडंच आहे, डबा फोडायचा बाकी." पण शंभर ही शेवटची पायरी. भिंतीतून कापलेलं लोखंड परत येत नाही. त्यानंतर स्लीव्ह टाकता येते, पण जोवर टाळता येईल तोवर मला ती नको होती. गाडीचं उत्पादन १९९६मध्येच थांबलंय, नवा ब्लॉक कुठून आणणार?

तीन आठवडे शोधल्यावर ०.७५चे दोन मिळाले. एक चकाचक, फोर्ज्ड, 'रेसिंग' लिहिलेला. दुसरा साधा ओतीव, जुन्या साठ्यातला, खोक्याचा रंग उडालेला. मोह पहिल्याचाच झाला, खोटं कशाला बोलू. पण फोर्ज्ड पिस्टन सहसा जास्त फुगतो, त्याला फटही जास्त लागते आणि इंजिन थंड असताना तो खडखडतो. मला जालना रोडवरून भाजी आणायची होती. साधाच घेतला.

खोक्यावरच्या आकड्यावर मात्र विसंबलो नाही. पिस्टन दिसतो तसा गोल नसतो. तो किंचित अंडाकृती आणि वर निमुळता असतो, म्हणून माप खाली स्कर्टजवळ, पिनेच्या काटकोनात घ्यायचं. मायक्रोमीटर मिस्त्रींनीच लावला. मग ब्लॉकसोबत पिस्टनही बोअरवाल्याच्या हातात दिला, कारण आधी बोअर करून नंतर पिस्टन आणायचा म्हणजे फट नशिबावर सोडायची.

संध्याकाळी ब्लॉक परत आला. मिस्त्रींनी भिंतीला तेल लावलं, रिंगा न चढवता पिस्टन आत सोडला. तो स्वतःच्या वजनाने सावकाश खाली गेला. मग रिंगा चढवल्या, पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला केला आणि ब्लॉक बसवला.

बाबा बाहेर खुर्ची टाकून बसले होते. "कितीचा टाकला?" त्यांनी विचारलं.

"पंच्याहत्तरचा."

"म्हणजे अजून एक आहे," ते म्हणाले, आणि ५०चा पिस्टन रुमालात गुंडाळून घरी घेऊन गेले.