एंडोथेलियम आणि रोहिणीचे शिथिलन

प्रत्येक रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला, वाहत्या रक्ताला थेट लागून, चपट्या पेशींचा एकपदरी थर असतो. यालाच एंडोथेलियम किंवा अंतःस्तर म्हणतात. रोहिणीत या थराच्या बाहेर अरेखित स्नायूंचे वेढे असतात. ते आवळले की नळी अरुंद होते आणि सैलावले की रुंद. स्नायूंनी केव्हा सैलावायचे याचा निर्णय बऱ्याच अंशी हा पातळ थर घेतो. विसाव्या शतकाचा मोठा भाग उलटेपर्यंत मात्र रक्त आणि भिंत यांच्यामधला गुळगुळीत पडदा, एवढीच त्याची ओळख होती.

ही ओळख बदलली ती रॉबर्ट फर्चगॉट यांच्या ब्रुकलिनमधील प्रयोगशाळेत. ॲसिटिलकोलीन टोचले की प्राण्याचा रक्तदाब उतरतो, म्हणजे रोहिण्या सैलावतात, हे आधीपासून माहीत होते. पण सशाच्या महारोहिणीची पट्टी कापून पोषक द्रावणात टांगली आणि त्यात तेच द्रव्य घातले, तर पट्टी उलट आखडत असे. फर्चगॉट यांनी स्वतः १९५०च्या दशकात हेच नोंदवले होते आणि हा विरोधाभास पंचवीसेक वर्षे तसाच पडून राहिला. १९७८ मध्ये त्यांच्या सहायकाकडून प्रयोगाचा क्रम चुकला. आधीचे आकुंचक औषध धुऊन न काढताच त्याने ॲसिटिलकोलीनच्या जातीचे कार्बाकोल टाकले आणि आखडलेली रोहिणी चक्क सैलावली. या वेळी पट्टीऐवजी रोहिणीची आडवी कापलेली कडी वापरली होती. पट्टी कापताना तिची आतली बाजू बोटांना वा पृष्ठभागाला घासली जाई, कडीची मात्र शाबूत राही. मग कडीची आतली बाजू मुद्दाम हलकेच घासून पाहिली, तेव्हा शिथिलन थांबले. थर गेला होता, स्नायू धडधाकट होते.

पुढचा प्रयोग त्याहून देखणा. अंतःस्तर खरवडलेली एक पट्टी आणि अंतःस्तर असलेली दुसरी, अशा दोन पट्ट्या आतल्या बाजू एकमेकींना लावून टांगल्या. एकटी असताना न सैलावणारी खरवडलेली पट्टी आता सैलावली. याचा अर्थ, अंतःस्तरातून काहीतरी पाझरून पलीकडे जात होते. फर्चगॉट आणि जॉन झवाड्झ्की यांनी हे १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. त्या अनोळखी द्रव्याला पुढे ‘ईडीआरएफ’ (एंडोथेलियमपासून निघणारा शिथिलक घटक) हे आद्याक्षरी नाव मिळाले.

द्रव्य पकडणे अवघड होते, कारण ते काही सेकंदांतच नष्ट होई. हिमोग्लोबिन त्याला निकामी करी आणि सुपरऑक्साइड हा ऑक्सिजनचा अतिक्रियाशील प्रकारही. १९८६ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टरच्या परिषदेत फर्चगॉट आणि लुई इग्नॅरो यांनी स्वतंत्रपणे एकच तर्क मांडला : हा नायट्रिक ऑक्साइड वायू असावा. पुढच्याच वर्षी साल्वादोर मोंकाडा यांच्या इंग्लंडमधील गटाने तो अंतःस्तराच्या पेशींतून निघताना मोजून दाखवला. १९९८चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, इग्नॅरो आणि फेरिद मुराद यांना मिळाले. मोंकाडा यांना वगळल्याबद्दल तेव्हा बरीच टीका झाली आणि ती अनाठायी नव्हती.

या क्रियेचा क्रम असा. ॲसिटिलकोलीन वा ब्रॅडिकायनिन अंतःस्तराच्या पेशीवरील ग्राहीला चिकटले की पेशीत कॅल्शियम वाढते. त्यामुळे चेतलेले एंझाइम आर्जिनीन या अमिनो आम्लापासून, ऑक्सिजन वापरून, नायट्रिक ऑक्साइड बनवते. हा वायू पेशीपटलातून सहज आरपार जातो. शेजारच्या स्नायुपेशीत तो सायक्लिक जीएमपीचे प्रमाण वाढवतो. तिथे कॅल्शियम उतरते आणि स्नायू सैलावतो. एकच कॅल्शियम अंतःस्तरात वाढल्याने शेजारच्या पेशीत कमी होते, ही या यंत्रणेतली गंमत आहे.

रोजच्या जगण्यात या यंत्रणेला चालना मिळते ती मुख्यतः रक्ताच्या घर्षणाने. व्यायामात प्रवाह वाढला की थरावरचा ताण वाढतो, वायू अधिक सुटतो आणि वाहिनी रुंदावते. दंडाची रोहिणी तपासताना याचाच उपयोग होतो. हाताला पट्टा आवळून सुमारे पाच मिनिटे प्रवाह थांबवतात, मग पट्टा सोडून रोहिणी किती फुलली ते सोनोग्राफीवर मोजतात.

नायट्रिक ऑक्साइड एकटा नसतो. अंतःस्तर प्रोस्टासायक्लिनही सोडतो. बारीक रोहिण्यांत स्नायुपेशींचा विद्युतभार बदलून सैलावणारी तिसरी वाट अधिक महत्त्वाची ठरते. उलट दिशेचे एंडोथेलिन हे तीव्र आकुंचक द्रव्यही हाच थर बनवतो. ते जपानमध्ये १९८८ मध्ये सापडले.

धूम्रपान, मधुमेह, वाढलेले कोलेस्टेरॉल आणि उच्च रक्तदाब यांत सुपरऑक्साइड वाढतो आणि वायू तयार होताच संपतो. अंतःस्तर बिघडल्याचा सर्वांत बोलका पुरावा १९८६चा : काठिण्य आलेल्या हृदयरोहिणीत ॲसिटिलकोलीन सोडल्यावर ती रुंद होण्याऐवजी आखडली. म्हणजे माणसातही अंतःस्तर बिघडल्यावर फर्चगॉट यांच्या खरवडलेल्या पट्टीसारखेच घडले. कच्चा माल पुरवला की काम होईल, या आशेने आर्जिनीनच्या गोळ्या आणि भुकट्या विकल्या जातात. हृदयविकाराच्या झटक्यानंतर त्या देऊन पाहणारी अमेरिकेतील चाचणी, आर्जिनीन घेणाऱ्या गटात मृत्यू अधिक झाल्याने थांबवावी लागली. तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले.

छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी अंतःस्तराला वळसा घालते. नायट्रेट औषधांपासून वायू थेट स्नायुपेशीत तयार होतो, म्हणून थर आजारी असला तरी ती लागू पडतात. याच गटातील नायट्रोग्लिसरिन हा डायनामाइटचा घटक. आल्फ्रेड नोबेल यांना उतारवयात हृदयरोगासाठी तेच औषध सांगितले गेले होते. लैंगिक दुर्बलतेवरचे सिल्डेनाफिल हे औषध याच साखळीच्या दुसऱ्या टोकावर काम करते, म्हणजे सायक्लिक जीएमपीचे विघटन रोखते. नायट्रेट आणि सिल्डेनाफिल एकत्र घेतले तर रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत कोसळू शकतो. म्हणून सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास नायट्रेट देत नाहीत, त्याच जातीच्या टॅडालाफिलसाठी ही मुदत ४८ तासांची आहे.