सुप्त क्षयरोगाची प्राणी-प्रारूपे

सुप्त क्षयरोगाची प्राणी-प्रारूपे म्हणजे मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस या जिवाणूचा लक्षणविरहित, दीर्घकालीन संसर्ग अभ्यासण्यासाठी आणि लसींची मानवपूर्व चाचणी घेण्यासाठी वापरले जाणारे प्राणी होत. जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना हा संसर्ग झाला असल्याचा अंदाज आहे. त्यांपैकी ५ ते १० टक्के लोकांना पुढे आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष रोग होतो. सुप्तावस्थेतील जिवाणू माणसाच्या शरीरात शोधून मोजणे जवळजवळ अशक्य असल्याने अशा प्रारूपांची गरज भासते.

उंदीर
उंदीर स्वस्त व हाताळण्यास सोपा असल्याने सर्वाधिक वापरला जातो. १९५०च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात 'कॉर्नेल प्रारूप' विकसित झाले. त्यात संसर्गित उंदरांना आयसोनियाझिड व पायराझिनामाइड ही औषधे दिल्यावर त्यांच्या अवयवांत जिवाणू आढळेनासे झाले. मात्र काही काळानंतर अनेक उंदरांत ते पुन्हा दिसले. जिवाणू न सापडणे म्हणजे ते नष्ट होणे नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. तथापि येथील सुप्तावस्था औषधांनी घडवलेली असते. शिवाय नेहमीच्या जातींच्या उंदरांत माणसासारख्या, मध्यभागी ऊती मृत झालेल्या गाठी (ग्रॅन्युलोमा) बनत नाहीत.

गिनीपिग व ससा
रॉबर्ट कॉख यांनी १८८२ मध्ये क्षयरोगाचा जिवाणू जाहीर करताना गिनीपिगवरील प्रयोगांचा आधार घेतला होता. गिनीपिगला अत्यल्प जिवाणूंनीही संसर्ग होतो व त्याच्या गाठी माणसाच्या गाठींशी मिळत्याजुळत्या असतात. त्यामुळे लसचाचणीत तो उपयुक्त ठरतो. परंतु उपचाराविना त्याचा रोग वाढतच जातो. ससा तुलनेने प्रतिकारक्षम असून जिवाणूच्या काही वाणांचा संसर्ग तो दीर्घकाळ आटोक्यात ठेवतो.

माकडे
लांबशेपटी मकाक माकडांना अल्प मात्रेत संसर्ग दिल्यास साधारण निम्म्या माकडांत तो सुप्त राहतो. ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हे प्रथिन निष्प्रभ केल्यास त्यांच्यातील सुप्त रोग पुन्हा जागृत होतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शिरेतून बीसीजी दिलेल्या १० ऱ्हीसस माकडांपैकी ९ माकडांना भक्कम संरक्षण मिळाले.

मर्यादा
माकडांवरील प्रयोग खर्चिक असून त्यांना उच्च जैवसुरक्षेच्या प्रयोगशाळा लागतात. त्यांबाबत नैतिक प्रश्नही उपस्थित होतात. प्राण्यांतील यश माणसांत उतरेलच असे नाही. प्राण्यांमध्ये संरक्षण देणारी बीसीजी लस तामिळनाडूतील चिंगलपट्टू येथे १९६८ मध्ये सुरू झालेल्या मोठ्या चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयरोगापासून संरक्षण देऊ शकली नाही. त्यामुळे कोणत्याही एका प्रारूपावर न विसंबता अनेक प्रारूपांतील निष्कर्ष एकत्रितपणे तपासले जातात.