मुंबईच्या वारसा यादीत भाडेकरूचे स्थान

एप्रिल १९९५ मध्ये महाराष्ट्र शासनाने बृहन्मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीतील ६७ वा नियम मंजूर केला आणि सुमारे सहाशे वास्तू व परिसर कायद्याच्या संरक्षणाखाली आले. राष्ट्रीय महत्त्वाच्या वास्तू पहिल्या श्रेणीत, स्थानिक महत्त्वाच्या दुसऱ्या श्रेणीत आणि परिसराचे दृश्यरूप टिकवणाऱ्या इमारती तिसऱ्या श्रेणीत मोडतात. श्रेणी जितकी वरची, तितकी फेरफाराची मुभा कमी. परवानगीबाबत महापालिका आयुक्तांना सल्ला देणारी वारसा संवर्धन समिती वास्तुविशारद, अभियंते आणि इतिहासतज्ज्ञ यांची असल्याने, इमारतीचे मोल ठरवण्याचा अधिकार आरंभापासूनच तिथे नांदणाऱ्या लोकांच्या हाती नव्हता. त्यांच्या वाट्याला जाहीर सूचनेनंतर हरकती नोंदवणे एवढेच आले.

भरपाईच्या तरतुदीत ही विषमता अधिक स्पष्ट दिसते. यादीमुळे वाढीव बांधकाम करता न येणाऱ्या मालकाला हस्तांतरणीय विकास हक्क मिळू शकतो, म्हणजे न वापरलेले चटईक्षेत्र अन्यत्र वापरता किंवा विकता येते. जुन्या मुंबईत मात्र घरात राहणारा बहुधा भाडेकरू किंवा पागडीधारक असतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे १९४० च्या पातळीवर गोठवले, मालकांनी डागडुजी सोडली आणि १९६९ च्या कायद्याने उपकर घेऊन दुरुस्ती करणारे मंडळ स्थापावे लागले. या परिस्थितीत संवर्धनाचा लाभ मालकाला आणि गळक्या छताची झळ भाडेकरूला, अशी वाटणी झाली. ती अन्यायाची होती.

चाळींच्या इतिहासाकडे पाहिल्यास श्रेणींची मर्यादा कळते. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डायरेक्टोरेटने वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे मिळून २०७ चाळी उभारल्या. सुमारे १६० चौरस फुटांची खोली आणि सामाईक शौचालय असलेल्या या काँक्रीटच्या इमारतींत गिरणी कामगारांच्या पिढ्या वाढल्या. वरळीच्या चाळींनी जानेवारी १९७४ मध्ये दलित पँथरच्या सभेनंतर उसळलेली दंगलही पाहिली. या जागांचे मोल कमानी किंवा कोरीव सज्ज्यांत नसून तिथे घडलेल्या श्रमिक आणि दलित राजकारणात आहे, आणि दर्शनी भाग पाहून दर्जा ठरवणाऱ्या पद्धतीला ते मोजता येत नाही. तरीही रहिवाशांनी पुनर्विकासातील ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर पसंत केले, तर त्यांना आपल्या वारशाची जाण नाही असे म्हणणे सर्वस्वी चुकीचे ठरेल, कारण धोरणाने जतन आणि निवाऱ्याचा हक्क कधी एकत्र देऊ केलाच नाही.

जिथे रहिवाशांकडे सवड आणि पैसा होता तिथे चित्र निराळे राहिले. ओव्हल मैदानाच्या पश्चिमेकडील आर्ट डेको इमारतींना, मैदानापलीकडील व्हिक्टोरियन गॉथिक वास्तूंसह, २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला आणि त्या प्रस्तावामागे नागरिकांच्या संघटनांचा दीर्घ पाठपुरावा होता. लोकसहभागाने वारसा टिकतो याचा हा खरा पुरावा आहे. मात्र ज्यांचे छत आधीच पक्के होते त्यांनाच तो देता आला.

२०१२ साली समितीने शेकडो नव्या नोंदींची यादी पुढे आणली, तेव्हा शिवाजी पार्कसारख्या मध्यमवर्गीय वस्तीतूनही पुनर्विकास अडेल या भीतीने तीव्र विरोध झाला. त्याच वर्षी म्हाडाने गिरणी कामगारांसाठी घरांची सोडत काढली. गिरण्यांच्या जमिनीवरील हा हक्क संघटनांनी लढून मिळवला होता, पण त्याचा आधार गिरण्यांच्या जमिनीसंबंधीचा ५८ वा नियम होता. गिरणगाव ज्यांनी घडवले त्यांच्यासाठी वारशाच्या ६७ व्या नियमात जागाच ठेवलेली नव्हती.