ठाव, ठाऊक आणि नकाशा

मेंदूतल्या ‘प्लेस सेल’ला ‘स्थानपेशी’ म्हटले की अर्थ पोचतो. पण ‘स्था’ धातूचा मराठीतला संसार या तत्सम शब्दापेक्षा फार मोठा आहे. प्राकृतात ‘स्थ’चा ‘ठ’ झाला आणि ठाण, ठाणे, ठाय, ठाव अशी रांग लागली. (शिलाहारांच्या लेखांतले ‘श्रीस्थानक’ ते आजचे ठाणे, फारसीतले ‘-स्तान’ही याच कुळातले.) ‘ग्राम’चे गाव, ‘नाम’चे नाव, तसे ‘स्थामन्’चे ठाव झाले असावे. ‘ठाम’मध्ये तो जुना ‘म’ अजून टिकलेला दिसतो. गुजरातीत तर ‘ठाम’ म्हणजे आजही जागा, आणि भांडेसुद्धा! पाण्यात जिथे पाय टेकून उभे राहता येते तो ठाव. तिथून खोली, आणि खोलीवरून मनाचा ठाव.

खरी मौज ‘ठाऊक’मध्ये आहे. ठावा, ठावे, ठाऊक ही रूपे याच घरातली दिसतात. जाणिवेत ज्याला जागा मिळाली ते ठाऊक, असा अर्थ सरकत गेला असावा. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाचेही असेच, जागा आणि स्मरण असे, दुहेरी काम आहे. मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांना १९७१ साली लंडनमध्ये उंदराच्या याच भागात जागेगणिक चेतणाऱ्या पेशी, म्हणजेच ‘प्लेस सेल’, आढळल्या. आणि त्याआधी, १९५३ साली, हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतून या भागाचा बराचसा अंश काढला, तेव्हा नव्या घटना त्यांच्या लक्षात राहीनाशा झाल्या होत्या. आकार समुद्रघोड्यासारखा म्हणून हिप्पोकॅम्पस हे ग्रीक नाव अरांझी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने १५८७ मध्ये दिले. त्यातला ‘हिप्पोस’ म्हणजे आपला ‘अश्व’, फारसीतला ‘अस्प’.

‘नकाशा’ मात्र अरबी ‘नक्श’चा, म्हणजे कोरण्या-रेखाटण्याचा. फारसी ‘नक्शा’तले जोडाक्षर मराठीच्या जिभेवर सुटून ‘नकाशा’ झाला. ‘नक्शी’ची ‘नक्षी’ झाली, तिच्यातला ‘क्ष’ संस्कृताच्या सवयीने शिरलेला दिसतो. उंदराच्या मनात परिसराचा नकाशा असतो, असे मानसशास्त्रज्ञ टोलमन यांनी १९४८ मध्ये मांडले होते. पुढे २००५ साली ट्रॉन्डहाइमला मोझर दांपत्याच्या प्रयोगशाळेत ग्रिड पेशींचा शोध लागला. अशी एक पेशी जिथे जिथे चेतते ते बिंदू जोडले, तर जमिनीभर समभुज त्रिकोणांची जाळी उमटते. नकाशाचा माग काढता काढता हाती आली ती नक्षी, आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे!

म्हणून ‘ग्रिड सेल’ला मी ‘नक्षीपेशी’ म्हणेन आणि ‘प्लेस सेल’ला ‘ठावपेशी’. याहून चपखल शब्द सुचले, तर वाचकांनी ते जरूर वापरात आणावेत.