लूप, अट आणि वेबपानाची शैली : थोडा इतिहास

समजा, वेबपानावर वर्गाच्या हजेरीचा तक्ता आहे. एकाआड एक ओळ फिकट रंगाची हवी आणि ज्यांची हजेरी ७५ टक्क्यांहून कमी आहे, त्यांची ओळ लाल हवी. जावास्क्रिप्टमध्ये तुम्ही लूप लावून प्रत्येक ओळीवर जाता, आत 'इफ'ची अट तपासता आणि रंग बदलता. आज हे पाच-सहा ओळींचे काम आहे. १९९७ साली ते तसे नव्हते. त्यामागचे कारण समजले, तर जुना कोड वाचताना तुमचा गोंधळ होणार नाही.

१. दोन वेगळ्या सुरुवाती

हाकॉन विउम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव ऑक्टोबर १९९४ मध्ये मांडला. ब्रेंडन आइख यांनी मे १९९५ मध्ये, नेटस्केप कंपनीत, जावास्क्रिप्टचे पहिले रूप दहा दिवसांत तयार केले. शैली आणि आज्ञा यांचा आरंभ असा वेगवेगळा झाला. सुरुवातीला जावास्क्रिप्टचा हात मुख्यतः फॉर्मच्या रकान्यांपर्यंत आणि दुव्यांपर्यंत पोचत असे; १९९६ मध्ये त्यात चित्रांची भर पडली. माउस वर नेला की चित्र बदलणे, एवढीच सजावट शक्य होती. तक्त्याची ओळ हाताबाहेरच होती.

२. ब्राउझरची चौकशी करणारी अट

१९९७ मध्ये नेटस्केप ४ आणि इंटरनेट एक्सप्लोरर ४ आले. एक्सप्लोररने 'डॉक्युमेंट.ऑल' या संग्रहातून पानावरचे सर्व घटक खुले केले. नेटस्केपने 'डॉक्युमेंट.लेयर्स' दिले, पण त्यातून ठरावीक थरच हाती येत. मग 'इफ'मध्ये हजेरीऐवजी ब्राउझरचीच चौकशी होऊ लागली: 'लेयर्स' आहे का? नसेल तर 'ऑल' आहे का? एकच काम दोनदा लिहावे लागे. तिसरा ब्राउझर आला की दोन्ही फांद्या कोरड्या राहत आणि वाचणाऱ्यासमोर अर्धवट पान उरे. 'हे पान अमुक ब्राउझरमध्येच नीट दिसेल' अशा सूचना त्याच काळातल्या.

या काळाची एक खूण आजही शिल्लक आहे. आधुनिक ब्राउझरमध्ये 'डॉक्युमेंट.ऑल' अस्तित्वात आहे, पण ते 'इफ'मध्ये ठेवले की उत्तर 'असत्य' येते. जुन्या पानांनी एक्सप्लोररसाठीची फांदी निवडू नये, म्हणून मानकातच हा अपवाद मुद्दाम ठेवला आहे.

३. एकच भाषा

ऑक्टोबर १९९८ मध्ये डब्ल्यू३सी या संस्थेने डॉमचे पहिले मानक प्रसिद्ध केले. शैलीविषयीचा भाग नोव्हेंबर २००० मध्ये आला. ब्राउझर हळूहळू या मानकाकडे वळले. २००६ मध्ये जॉन रेसिग यांच्या जेक्वेरीने उरलेसुरले फरक आणि बरेचसे लूपही आपल्या पोटात घेतले. पुढे 'क्वेरीसिलेक्टरऑल' ब्राउझरमध्येच आले.

४. अट कुठे लिहायची?

एकाआड एक रंगासाठी पूर्वी लूपमध्ये ओळीच्या क्रमांकाला २ ने भागून बाकी पाहत. आज सीएसएसमधला 'एनथ-चाइल्ड' हा निवडक ते काम एका नियमात करतो. ७५ टक्क्यांची अट मात्र जावास्क्रिप्टकडेच राहते, कारण चौकटीतला मजकूर संख्या म्हणून वाचून त्याची तुलना करणे सीएसएसच्या निवडकांना येत नाही. तिथेही लूपने ओळीला फक्त 'कमी-हजेरी' असा क्लास द्यावा. लाल रंग सीएसएसने ठरवावा.

म्हैसूरच्या राजवाड्यावर रविवारी संध्याकाळी जवळजवळ एक लाख दिवे उजळतात. प्रत्येक दिव्यापाशी जाऊन 'आज रविवार आहे का?' असे कोणी विचारत नाही. निर्णय एका जागी होतो, दिवे तो पाळतात. क्लासचे तत्त्व हेच आहे.

सारांश

अटीने आधी ब्राउझरची चौकशी केली, आता ती माहितीची चौकशी करते. तुमच्या कोडमधल्या प्रत्येक 'इफ'ला विचारा: हा प्रश्न माहितीचा आहे, की नुसत्या दिसण्याचा? दिसण्याचा असेल, तर त्याची जागा बहुधा सीएसएसमध्ये आहे.

करून पाहा : वरील तक्ता आधी लूपमध्ये थेट रंग देऊन बनवा, मग क्लास वापरून. आता लालऐवजी केशरी रंग हवा असेल, तर दोन्हींत काय काय बदलावे लागते ते लिहून काढा.